‘मी’ म्हणायला बंदी असलेली गावं

माझी भाची अकरावीला आहे. परवा पेपर वाचता वाचता ती अडखळली. "मामा, ऑर्वेलियन म्हणजे काय ओ? मी दोनदा वाचलो, तरी कळंना." अग्रलेख मोबाइलवरच्या पाळतीबद्दल होता. ‘ऑर्वेलियन’, ‘बिग ब्रदर’, ‘डिस्टोपिया’ असे शब्द त्यात ठिकठिकाणी होते आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच असणार असं लिहिणाऱ्यानं धरून चाललं होतं.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कडेनं चालताना मी तिला जे सांगितलं, तेच इथं जरा नीट लावून लिहितोय. हे शब्द आता साहित्याच्या वर्गापुरते राहिलेले नाहीत. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २७ ऑक्टोबर २०२१ ला तज्ज्ञांची समिती नेमली, तेव्हा त्या आदेशाची सुरुवातच जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीतल्या एका वाक्यानं झाली होती. त्या वाक्याचा मथितार्थ असा, की गुपित राखायचं असेल तर ते स्वतःपासूनसुद्धा लपवावं लागतं. देशातलं सर्वोच्च न्यायालय जी कादंबरी पुढ्यात घेतं, ती काय म्हणते हे अकरावीतल्या पोरीला कळायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आधी शब्दांचा अर्थ

रामराज्य म्हटलं की आपल्यासमोर एक चित्र उभं राहतं. कुणी उपाशी नाही, कुणावर अन्याय नाही, राजाला प्रजेची काळजी. इंग्लंडच्या थॉमस मोर यांनी १५१६ साली अशाच एका बेटाचं वर्णन लिहिलं आणि त्याला ‘युटोपिया’ म्हटलं. ग्रीक शब्दांवरून घडवलेल्या या नावाचा अर्थ ‘कुठंच नसलेली जागा’. त्याच्या उलट तो डिस्टोपिया. १८६८ साली जॉन स्टुअर्ट मिल यांनी ब्रिटिश संसदेत सरकारच्या आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना ‘डिस्टोपियन’ हा शब्द वापरला होता.

मात्र दुष्काळाची किंवा युद्धाची कुठलीही गोष्ट म्हणजे डिस्टोपिया होत नाही. या कथांमधल्या राज्यात बहुतेक वेळा सगळं शिस्तीत चाललेलं असतं. कामाचे भोंगे वेळेवर वाजतात, माणसं रांगेत चालतात आणि राज्य छातीठोकपणे सांगतं की हेच रामराज्य आहे. वाचणाऱ्याला तेवढं दिसत राहतं की या रामराज्यात माणूस उरलेला नाही.

अजून दोन शब्द लागतील. माझ्या आयुष्याचा शेवटचा निर्णय माझा, असं मानणं म्हणजे व्यक्तिवाद. समूहाचं हित आधी, माणूस नंतर, असं मानणं म्हणजे समूहवाद. दोन्ही आपल्या घरात रोज भेटतात. मुलीनं सायन्सला जायचं की आर्ट्सला, यावर घर जेव्हा दोन तास चर्चा करतं आणि कोपऱ्यात बसलेली मुलगी एकदाही बोलत नाही, तेव्हा या दोन शब्दांचीच कुस्ती चाललेली असते.

काचेची घरं

या जातीच्या आधुनिक कादंबऱ्यांची थोरली बहीण रशियात जन्मली. येवगेनी झाम्यातिन हे जहाजं बांधणारे इंजिनिअर. त्यांनी १९२० च्या सुमारास ती लिहिली. नाव साधं, एका सर्वनामाचं. इंग्रजीत ते ‘वुई’ झालं. रशियात ती छापायला परवानगी मिळाली नाही. १९२४ साली तिचा इंग्रजी अनुवाद न्यूयॉर्कमध्ये निघाला आणि लेखकाच्या स्वतःच्या देशात ती १९८८ साली छापली गेली, लेखक परदेशात वारल्यावर ५१ वर्षांनी.

या गोष्टीतल्या शहरात घरं काचेची आहेत. भिंती काचेच्या, जमीन काचेची. शेजारी काय करतोय ते कायम दिसतं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत किंवा चाळीत राहिलेल्यांना वाटेल, यात नवल काय? आमच्याकडं भाजीला फोडणी कसली पडली ते पलीकडच्या खोलीत कळायचं. खरंय, पण वाड्यात दार लोटून घ्यायची सोय होती. इथं पडदा ओढायला गुलाबी चिठ्ठी लागते, तीही ठरलेल्या वेळेपुरती.

माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. गोष्ट सांगणारा डी-५०३. सगळ्यांनी एकाच क्षणी उठायचं, एकाच क्षणी चमचा तोंडाकडं न्यायचा, एकेक घास पन्नास वेळा चावायचा. दिवसात दोनच तास स्वतःचे, दुपारी चार ते पाच आणि रात्री नऊ ते दहा. डी-५०३ ला तेही खटकतं, एक दिवस हे दोन तासही वेळापत्रकात बसतील अशी त्याला आशा आहे. त्याच्या मते प्राचीन काळातली सर्वश्रेष्ठ साहित्यकृती म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल.

मला या कादंबरीत सगळ्यात अस्सल वाटतं ते हे, की डी-५०३ दुःखी नाही. त्याला कुणी मारलेलं नाही. तो या व्यवस्थेवर मनापासून प्रेम करतो. मग तो आय-३३० नावाच्या बाईच्या प्रेमात पडतो, त्याला रात्री स्वप्नं पडायला लागतात आणि घाबरून तो डॉक्टरकडं जातो. डॉक्टर निदान करतो: तुमच्यात आत्मा तयार झालाय. शेवटी राज्य शस्त्रक्रिया काढतं, कल्पनाशक्ती कापून टाकण्याची. ती झाल्यावर डी-५०३ समोर बसून आय-३३० चा छळ बघतो आणि त्याला काहीच वाटत नाही.

त्या नावाचं मराठी काय करायचं?

भाचीनं इथं मला थांबवलं. "मामा, ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही’ का ‘आपण’?"

हा प्रश्न इंग्रजीत पडत नाही आणि रशियनमध्येही पडत नाही, कारण दोन्हीकडं त्याला एकच शब्द आहे. मराठीत मात्र दोन दारं आहेत. "आम्ही शिवाजी पेठेतले" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. "आपण कोल्हापूरकर" म्हटलं की तो आत येतो. आणि ‘आपण’मध्ये एक खोच आहे. वर्गात बाई म्हणतात, "आता आपण सगळे गप्प बसणार आहोत." त्यात बाई गप्प बसत नाहीत, आणि मुलांना कुणी विचारलेलंही नसतं. ऐकणाऱ्याला न विचारता त्याच्या वतीनं बोलून टाकायची सोय या गोड शब्दात आहे.

डी-५०३ ही सगळी गोष्ट वहीत लिहितो ती दुसऱ्या ग्रहांवरच्या अनोळखी जीवांसाठी. त्याचं राज्य एक अंतराळयान बांधतंय आणि ते त्या जीवांना बुद्धीच्या कल्याणकारी जोखडाखाली आणणार आहे. म्हणजे वाचणाऱ्यांना तो आज ‘आम्ही’ म्हणून सांगतोय, उद्या यान पोचलं की त्यांचं ‘आपण’ होणार, त्यांची इच्छा असो वा नसो. अनुवाद माझ्या हाती असता तर मी ‘आम्ही’ हेच नाव ठेवलं असतं. त्या शहरात अजून कुणी तरी बाहेर आहे, एवढी तरी आशा त्या नावात राहते.

आयन रँड यांनी १९३८ साली ‘अँथम’ या छोट्या कादंबरीत याच्या एक पाऊल पुढं जाऊन ‘मी’ हा शब्दच गायब केला. तिथला नायक स्वतःबद्दलही अनेकवचनात बोलतो. आणि जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ च्या ‘१९८४’ मध्ये सरकार दरवर्षी शब्दकोश बारीक करत जातं. आपल्याकडं कल्पना करा: झकास, भारी, झणझणीत, नाद खुळा हे सगळं रद्द, यापुढं फक्त ‘चांगलं’ आणि ‘न-चांगलं’. हळूहळू तांबडा आणि पांढरा रस्सा यांत काय फरक आहे ते सांगता येणार नाही. पुढच्या पिढीला तो जाणवणारही नाही. ‘अन्याय’ या शब्दाचं असंच झालं तर काय होईल, हे ऑर्वेल यांना दाखवायचं होतं. भिंतीवरचा पडदा तुम्हाला बघतो आणि ऐकतो, ‘बिग ब्रदर’ म्हणजे थोरला दादा सगळीकडून रोखून पाहतो, हे त्या कादंबरीतलं सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मते शब्दकोश त्या पडद्यापेक्षा भयंकर आहे. आता ‘ऑर्वेलियन’ सोपं झालं: सत्ता तुमच्यावर नजर ठेवते आणि वर शब्दांचे अर्थही तीच ठरवते, तेव्हा हा शब्द वापरतात.

ऑल्डस हक्सले यांनी १९३२ मध्ये ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत वेगळा रस्ता दाखवला. त्यांच्या राज्यात धाक कमी आणि सुख फार. मन जरा खट्टू झालं की सोमा नावाची गोळी घ्यायची. बाळं बाटल्यांत वाढवतात, कुणी काय व्हायचं ते जन्माआधी ठरतं, आणि झोपेत कानाशी पढवून ज्याला त्याला आपली पायरी आवडायला लावतात. जन्मावरून ठरलेली पायरी आणि ती आवडून घेण्याची शिकवण आपल्याला काही परकी नाही.

"ही तर रशियाची दुखणी, आपल्याला काय त्याचं?"

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण झाम्यातिन यांच्या काचेच्या शहरात ज्याची पूजा होते तो टेलर अमेरिकन इंजिनिअर होता. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजायची पद्धत त्यानं बसवली. आणि झाम्यातिन स्वतः पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जहाजांच्या कामावर होते. माणसाचा नंबर करायची हौस कारखान्याला असते तशी सरकारलाही असते.

ऑर्वेल तर जन्मले बिहारमधल्या मोतिहारीला, १९०३ साली. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात होते. तरुणपणी पाच वर्षं ऑर्वेल बर्मात पोलिस अधिकारी होते. सत्ता माणसावर पाळत कशी ठेवते ते त्यांनी साम्राज्याच्या गणवेशात राहून पाहिलं होतं. ते समाजवादी होते आणि शेवटपर्यंत राहिले. आपली कादंबरी समाजवादावरचा हल्ला नाही, असं त्यांनी १९४९ मध्ये स्पष्ट केलं होतं.

आणि आपल्याकडं? १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. इथं कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांतल्या माणसांना सरकारी हजेरी द्यावी लागे. चोरी केलीय का, हा प्रश्नच नाही. तू अमक्या जातीचा, म्हणून तू कुठं आहेस ते आम्हाला कळलं पाहिजे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. देशातला तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. परदेशी लेखकांनी कल्पनेनं रचलेलं शहर आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येकांनी प्रत्यक्ष भोगलंय. त्यांच्या कादंबऱ्या झाल्या नाहीत, एवढंच.

"म्हणजे तालीम, सहकार, एकत्र कुटुंब हे सगळं वाईट?"

या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे, कारण कोल्हापूरकराला तो लगेच पडतो. आमचं सगळं आयुष्यच गटानं चालतं. पेठ, तालीम, फुटबॉलची टीम, दूध सोसायटी, साखर कारखाना, भिशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा माझ्या आईला खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं ते तालमीतल्या पोरांनी. त्यातल्या निम्म्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. समूह वाईट, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

आता त्या कादंबऱ्या पुन्हा उघडा आणि एकच गोष्ट शोधा: तिथं तालमीसारखं काही आहे का? कुठंच नाही. झाम्यातिन यांच्या शहरात कुटुंब नाही. हक्सले यांच्या राज्यात ‘आई’ हा शब्द शिवीसारखा वाटतो. रँड यांच्या गावात एखाद्या माणसावर इतरांपेक्षा जास्त जीव लावणं गुन्हा आहे, म्हणजे मैत्रीच गुन्हा. ऑर्वेल यांच्या गोष्टीतला पार्सन्स झोपेत काहीतरी बरळतो, त्याची सात वर्षांची मुलगी दाराला कान लावून ऐकते आणि दुसऱ्या दिवशी त्याला पकडून देते. बाप कोठडीत बसून म्हणतो, मला पोरीचा अभिमान आहे. मार्गारेट ॲटवुड यांच्या १९८५ च्या कादंबरीत बायकांची नोकरी आणि बँकेतलं खातं एका दिवसात जातं, आणि नायिकेचं नाव उरतं ‘फ्रेडची’, म्हणजे फ्रेड नावाच्या माणसाच्या मालकीची. लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे लावून फिरणाऱ्या आपल्या बायका हे पान वाचताना क्षणभर थांबतात, असं मी पाहिलंय.

लहानसा कुठलाही गट या मोठ्या समूहाला चालत नाही. आधी माणसाला आईबाप, मित्र, शेजारी यांपासून सोडवायचं आणि मग त्या सुट्या माणसांना एका मैदानात रांगेनं उभं करायचं, असा हा क्रम आहे. हॅना आरेंट या विचारवंत बाईंनी विसाव्या शतकातल्या हुकूमशाह्या अभ्यासून हेच लिहिलं, की अशी सत्ता एकाकी पडलेल्या माणसांच्या जमिनीत उगवते. १९०९ साली ई. एम. फॉर्स्टर यांनी एका कथेत हे आधीच रंगवलं होतं. जमिनीखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खोल्या, एकेका खोलीत एकेक माणूस, सगळं यंत्र पुरवतं आणि बोलणं पडद्यावरून. मुलगा आईला म्हणतो, मला तुला यंत्रातून बघायचं नाही, तू ये. आईला ते विचित्र वाटतं.

म्हणून ‘एकटा माणूस विरुद्ध समूह’ ही मांडणी मला अपुरी वाटते. रँड यांच्याशी माझं इथंच पटत नाही. त्यांनी ‘मी’ परत मिळवला आणि त्यालाच देव केलं. पण त्यांचा नायकसुद्धा शेवटी काय ठरवतो? गावात परत जाऊन आपल्या मित्राला बाहेर काढायचं. मैत्री लागतेच.

तालमीची बाजू घेताना दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका मंडळानं वर्गणीचा आकडा स्वतःच ठरवला आणि वडिलांनी तेवढी द्यायला नकार दिला. त्या वर्षी आमच्या घरी गल्लीतलं कुणी हळदीकुंकवाला आलं नाही. आईनं वाटायची वाणं तशीच ट्रंकेत ठेवली. लहान गटालाही मोठ्या समूहासारखं वागता येतं. मी गट जोखतो तो त्यात ‘नाही’ म्हणायला जागा आहे का यावरून, आणि ‘नाही’ म्हटलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कट्ट्यावर बसू शकतो का यावरून.

"व्यक्तिवाद आपला नाहीच, तो तिकडून आला"

तुकोबा म्हणतात, ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’. खरं-खोटं ठरवताना साक्षीला माझं मन, लोक किती जमलेत ते मी मोजलं नाही. ऑर्वेल यांचा नायक डायरीत लिहितो की दोन अधिक दोन चार म्हणता येणं हेच स्वातंत्र्य. तुकोबांनी हे तीनशे वर्षं आधी अभंगात सांगितलं, आणि असं सांगणारा माणूस वारकऱ्यांच्या मेळ्यात रमणारा होता.

"सक्ती भल्यासाठी असेल तर?"

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया गरिबाला जड होता. मग हाही डिस्टोपियाच का?

हा आक्षेप खरोखर अवघड आहे. मला वाटतं, बघायचं ते सक्तीतून बाहेर पडणारा माणूस कसा आहे ते. या सक्तीतून जे पोर बाहेर पडलं त्याला वाचता आलं, सही करता आली, सावकाराचा कागद तपासता आला, उद्या खुद्द महाराजांविरुद्ध अर्ज लिहिता आला. डी-५०३ च्या डोक्यातून कल्पना कापणारी सक्ती नेमकी हीच ताकद काढून घेते. अर्थात सगळ्या सक्ती इतक्या स्वच्छ दोन रांगांत बसत नाहीत. लस, हेल्मेट, आधार, प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तो मांडायची मुभा लोकांना हवी.

"मी काही लपवत नाही, कॅमेरा असेना का"

चौकात कॅमेरा असावा. चोरी पकडायला तो लागतो. पण भाचीला मी विचारलं, तू वहीच्या मागच्या पानावर जे लिहितेस ते मला दाखवशील? ती लाजली. त्यात गुन्हा काहीच नव्हता. ते अजून कच्चं होतं, एवढंच. माणूस घडतो तो अशा कच्च्या पानांवर, आणि कुणी बघतंय म्हटलं की कच्चं कुणी लिहीत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. गुलाबी चिठ्ठी न मागता पडदा ओढण्याचा हा हक्क.

पुस्तकं पाठ केलेली माणसं

आम्ही रंकाळ्याला फेरी मारून परत आलो होतो. भाची म्हणाली, "सगळ्यांचा शेवट वाईटच व्हय?" तेव्हा तिला रे ब्रॅडबरी यांची १९५३ ची ‘फॅरनहाइट ४५१’ सांगितली. तिथले अग्निशामक आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. त्यांचा कॅप्टन सांगतो की सुरुवात सरकारनं केलीच नव्हती. लोकांनीच वाचणं सोडलं, कुणाला बोचेल ते काढत गेले, शेवटी काही उरलं नाही.

मोंटॅग हा त्यातला एक अग्निशामक, तो पळून जातो. शहराबाहेर जुन्या, वापरात नसलेल्या रेल्वे रुळांच्या कडेनं काही माणसं राहतात. त्यांच्याकडं पुस्तकं नाहीत. प्रत्येकानं एकेक पुस्तक पाठ केलंय, कुणी अख्खं, कुणी एखादं प्रकरण. इंद्रायणीत गाथा बुडवली तरी अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून ती तरली, असं आपल्याकडं मानतात, तसंच. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं पुस्तक, आणि चालायचं सगळ्यांनी मिळून.

ते मोंटॅगला विचारतात, तुझ्याकडं काय आहे? त्याला एक पुस्तक आठवतं, तेही सगळं नाही, तुकड्यातुकड्यानं. तेवढ्यावर ते त्याला आपल्यात घेतात.